नन्नाची खुर्ची

कडी अडकली, एवढंच झालं. न्हाणीघराची साधी लोखंडी कडी. दाढी झाली, तोंडावर पाणी मारून झालं, टॉवेल खांद्यावर टाकून तो निघाला आणि कडी सरकेना. आधी त्यानं ती सवयीनं ओढली, मग जोर लावून ओढली, मग अंगठ्याची साल निघेपर्यंत ओढली, आणि मग एकदम कुणी मागून मानेवर गार हात ठेवावा तसं झालं. पलीकडे बायको कपाट उघडून त्याचा शर्ट काढत होती, हँगर खडखडत होते, रेडिओवर कुणीतरी हसत होतं. म्हणजे जग जागच्या जागी होतं, फक्त दाराच्या त्या बाजूला होतं. त्यानं तळहात दारावर टेकवला आणि ढकललं. दार तसूभरही हललं नाही. आणि तळहाताला ते आठवलं. डोक्याला नंतर आठवलं, तळहाताला आधी.

"अगं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याची त्यालाच लाज वाटली. "अगं ए, कडी निघत नाहीये."

"दार आधी आपल्याकडे ओढा, मग सरकवा. फुगलंय ते. मी रोज तसंच करते."

त्यानं दार आपल्याकडे ओढलं. कडी सहज सरकली. बाहेर आला तर बायको हातात शर्ट धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो, काय झालं? भूत बघितल्यासारखे काय दिसताय?"

"काही नाही."

"काही नाही काय, ओठ पांढरे पडलेत. सुताराला बोलवू का म्हणून मी कधीची विचारतेय, तर नुसतं हो हो करता."

"बोलाव."

"बघा, परत हो!" ती हसली. "आज मीटिंग ना तुमची? जा, तिकडे पोटभर नाही म्हणून या."

हा घरातला जुना विनोद होता. ऑफिसात नन्ना आणि घरात होयबा. मुलगी लहानपणी मैत्रिणींना सांगायची की आमच्या बाबांना नाही म्हणायचा पगार मिळतो, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. त्याची कंपनी प्रवासी बॅगा करायची आणि देशोदेशी विकायची. ती ज्यांनी काढली त्या थोरल्या साहेबांनी एक पद्धत घालून दिली होती. नवा देश, नवा भागीदार, नवा कारखाना, असा कुठलाही मोठा निर्णय असला की टेबलाभोवती नुसत्या माना डोलवून चालायचं नाही. एकानं विरोध केलाच पाहिजे. मनात असो वा नसो. त्यासाठी खिडकीकडे पाठ असलेली एक खुर्ची राखून ठेवलेली होती, तिला सगळे नन्नाची खुर्ची म्हणत. तिच्यात बसणाऱ्यानं समोरच्या बेताची पिसं काढायची, कुणाचा मुलाहिजा ठेवायचा नाही, आणि बाकीच्यांनी राग मानायचा नाही. मग एकेकानं त्याचा एकेक मुद्दा खोडायचा. सगळं खोडून झालं की त्यानं उठायचं, टेबलाला वळसा घालून आपल्या माणसांत येऊन उभं राहायचं आणि सगळ्यांबरोबर हात वर करायचा. याला 'उठून येणं' म्हणत. नन्ना उठून आल्याशिवाय निर्णय पक्का होत नसे. थोरले साहेब गेले, त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली, तिला सगळे मॅडम म्हणू लागले, पण पद्धत राहिली. आणि त्या खुर्चीत इतकी वर्षं हाच बसत आला होता, इतका की शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे त्याला नन्नासाहेबच म्हणत. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं.

गाडीत बसल्यावर भीती जाईल असं त्याला वाटलं होतं. गेली नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, जरा वेग आला आणि चारही दारं आपोआप खट् करून लागली. हा आवाज तो रोज ऐकत होता. आज त्यानं झटकन दाराकडे पाहिलं. "ते लॉक काढून टाक रे," तो म्हणाला. "काढतो की साहेब, पण परत लागतं ते, गाडीच तशी आहे," ड्रायव्हर म्हणाला, आणि खरंच पुढच्या सिग्नलनंतर ते परत लागलं. मग त्यानं दाराच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला, शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा पदर धरून बसावं तसा. बाहेर दुकानांची शटरं वर जात होती, पुलाखाली कुणी सायकल धूत होतं, आणि त्याच्या नाकात मात्र सोल्युशनचा वास भरला होता. बॅगांचं अस्तर चिकटवायला जे वापरतात ते, गोडसर, घसा धरणारं, ठिणगीनं पेटणारं. तो वास या गाडीत नव्हता, या शहरातही नव्हता. तो समुद्रापलीकडच्या त्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता.

तिथं त्याला आराखडेवाल्यानं नेलं होतं. आराखडेवाला म्हणजे कंपनीच्या परदेशी विस्ताराचा तरुण प्रमुख. चहा आधी कुणाला द्यायचा हेसुद्धा फळ्यावर बाण काढून ठरवील असा माणूस, म्हणून हे नाव. हुशार होता, वाईट मुळीच नव्हता. त्याचा बेत असा, की इथली शिलाई बंद करायची आणि सगळं काम त्या देशातल्या एका भागीदाराकडे न्यायचं. तिथून माल गेला की मोठ्या बाजारपेठेत जकात लागत नाही, इथून गेला की लागते. मजुरी कमी, बंदर जवळ. आणि आपण नाही गेलो तर आपला सगळ्यात मोठा स्पर्धक तो कारखाना घेणार, मग ती बाजारपेठ कायमची हातची गेली. बेत खणखणीत होता. दोघं कारखाना बघायला गेले तेव्हा तिथल्या मालकानं त्यांना स्वतः फिरवलं, अतिशय अदबीनं, प्रत्येक जिन्यावर 'सांभाळून' म्हणत. वरच्या मजल्यावर शिलाईच्या रांगा होत्या. खाली मान घातलेल्या बायकाच बायका. भिंतीला लावून फोमचे तक्ते खांद्याइतके उंच रचलेले, त्यांच्या पायाशी सोल्युशनचे डबे, काही झाकलेले, काही उघडे. आणि शेवटच्या रांगेच्या मागे ते दार, नवा रंग दिलेलं, वर हिरवा बाण पेटलेला, धावणाऱ्या माणसाचं चित्र. मालक आणि आराखडेवाला पुढे गेले होते. ह्यानं उगीच, काही मनात नसताना, दारावर तळहात टेकवून ढकललं. दार हललं नाही. पलीकडून साखळीचा आवाज आला.

शेवटच्या यंत्रावर एक बाई होती. ती त्या दाराकडे पाठ करून बसली होती. साखळी वाजली तसा तिचा पाय थांबला. तिनं मान वळवून आधी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चाळिशीची असेल, कपाळावर घाम, नाकाला फडकं बांधलेलं, डोळे तेवढे मोकळे. त्या डोळ्यांत त्याला काय दिसलं हे तो कुणाला सांगू शकला नसता. गाऱ्हाणं नव्हतं. एवढंच होतं की आता तुलाही कळलं. मग तिनं त्याच्या पायाशी असलेली आपली पाण्याची बाटली उचलून बाजूला ठेवली, त्याचा धक्का लागू नये म्हणून, आणि परत शिवायला लागली. नंतर त्यानं मालकाला विचारलं. नाही असं नाही, विचारलं. मालक हसून म्हणाला, त्या दारानं बॅगा पळवतात हो, म्हणून साखळी. पण किल्ली खालच्या सुपरवायझरकडे असते, काही झालं तर तो धावत येतो. आणि पाहणीच्या दिवशी आम्ही उघडंच ठेवतो. हे शेवटचं वाक्य तो अगदी निरागसपणे बोलला. सुपरवायझर खाली. आग वर. तो धावत वर येणार, बायका धावत खाली येणार, एकाच जिन्यावर. एवढं गणित शाळकरी पोरालाही जमेल.

परतताना विमानात त्यानं आराखडेवाल्याला सांगितलं. तो डोळे मिटून पडला होता, खाडकन उठून बसला. "नन्नासाहेब, हा जबरदस्त मुद्दा आहे," तो म्हणाला, आणि खरंच खूश होऊन म्हणाला. "आत्ता कुणाला सांगू नका. खुर्चीतून बोला. मीटिंग रंगेल." आणि ह्याला बरं वाटलं. तीच तर गंमत, तेच तर अंगावर काटा आणणारं होतं. त्याला बरं वाटलं! खांद्यावरचं ओझं कुणीतरी काढून वरच्या फळीवर ठेवलं असं वाटलं. त्या क्षणापासून त्या बाईचे डोळे, ती साखळी, तो वास, सगळं मुद्दा होऊन बसलं. विमान उतरेपर्यंत त्यानं त्यातलं पहिलं वाक्य मनात जुळवूनसुद्धा टाकलं होतं. मधल्या आठवड्यांत मॅडम जिन्यात भेटत, लिफ्टमध्ये भेटत, 'कसं वाटलं तिकडे?' विचारत, तो 'खुर्चीत बसलो की सांगतो' म्हणे, आणि दोघं हसत. आज सकाळी कडी अडकेपर्यंत त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं की तिकडे त्या साऱ्या आठवड्यांत, रोज, ती बाई त्या दाराकडे पाठ करून बसत होती.

हे असं का व्हावं? तो काही निर्दयी नव्हता. साध्या मांजरीला गाडीखाली येताना पाहिलं तर त्याला जेवण जात नसे. पण नाही हा शब्द त्याच्या तोंडून खुर्चीबाहेर कधी निघालाच नव्हता. न्हावी मागून आरसा धरून 'ठीक?' विचारायचा आणि हा, मान भादरल्यासारखी दिसत असली तरी, 'मस्त' म्हणायचा. शिंप्यानं एकदा काखेत काचणारा कोट शिवला, तर तो त्यानं शिवण उसवेपर्यंत घातला आणि वर शिंप्याला दुसरा शिवायला दिला. घर बायकोनं निवडलं, शाळा सासऱ्यांनी निवडली, तो प्रत्येक वेळी हो म्हणाला, आणि नशीब असं की सगळं बरंच निघालं. तरुणपणी, निर्यात खात्यात नवा असताना, वरिष्ठांसमोर तो अडखळायचा, तत-पप व्हायचं. एकदा नेहमीचा माणूस आजारी होता, तर थोरल्या साहेबांनी ह्यालाच खिडकीजवळ बसवलं. हा घामानं निथळत होता. साहेब त्याच्या कानाशी वाकून म्हणाले होते, "घाबरू नकोस पोरा. इथं बसून बोललेलं कुणाला लागत नाही." आणि चमत्कार झाला. तो बोलला. धडाधड बोलला, हात उडवत बोलला, खुद्द साहेबांच्या बेताची चिरफाड केली, आणि सगळे अवाक होऊन ऐकत राहिले. त्या दिवशी घरी जाताना त्याला वाटलं होतं, आपल्याला आपला आवाज सापडला. आज गाडीत खटक्यावर बोट ठेवून बसल्यावर त्याला साहेबांचं वाक्य परत ऐकू आलं, आणि त्याचा दुसरा अर्थ असा अंगावर आला की त्यानं काच खाली करून तोंड बाहेर काढलं. कुणाला लागत नाही. कुणालाच लागत नाही. इतकी वर्षं तो जे जे म्हणाला त्यातलं काहीही, कधीही, कुणालाही लागलं नव्हतं. एकही निर्णय त्याच्या बोलण्यानं अडला नव्हता. तो उठून यायचा आणि हात वर करायचा.

मीटिंगच्या खोलीत सगळे आधीच जमले होते. शेजारच्या खोलीत परदेशी मालक आपल्या वकिलाबरोबर करार घेऊन बसला होता; तो आज मुद्दाम आला होता, संध्याकाळचं विमान होतं त्याचं. ह्याला पाहताच खोलीत हशा पिकला, नेहमीसारखाच, प्रेमाचा. "आले, आले, नन्नासाहेब आले! दारं-खिडक्या लावून घ्या," हिशेब बघणारे काका म्हणाले. काका म्हणजे कंपनीचे पैशाचे प्रमुख, थोरल्या साहेबांच्या वेळचे. शिपायानं खरंच दार लावलं, एसीचा गारवा जाऊ नये म्हणून. तो खुर्चीत बसला. पाठीमागे खिडकी होती, तिची काच उघडणारी नव्हती, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. तळहात ओले झाले होते, ते त्यानं मांडीवर पुसले. आराखडेवाला उभा राहिला, पडद्यावर बाण उमटले, एका देशातून दुसऱ्यात जाणारे, निळे, मग हिरवे. तो सुरेख बोलला. मॅडम टेबलाच्या टोकाशी बसून ऐकत होत्या, मधूनच कपाळ चोळत होत्या. मग सगळ्यांनी खुर्च्या ह्याच्याकडे वळवल्या.

तो बोलायला लागला आणि पहिल्याच वाक्याला त्याला कळलं की काहीतरी चुकतंय. वाक्य फार चांगलं होतं. "त्या कारखान्याला एक दार आहे, आणि ते चित्रातलं आहे." विमानात जुळवलेलं वाक्य. काकांनी वाहवा म्हणून मान हलवली. त्याला ते वाक्य परत गिळावंसं वाटलं. त्यानं साधं बोलायचा प्रयत्न केला: साखळी आहे, किल्ली खाली असते, फोम असा रचलाय, डबे उघडे असतात, एकच जिना आहे, वर शेकड्यानं बायका आहेत. पण इतक्या वर्षांची जीभ त्याची, ती आपोआप वळत होती, थांबायचं तिथं थांबत होती, आवाज चढवायचा तिथं चढवत होती. त्याचे हात खरोखर थरथरत होते, आणि त्यानं ते टेबलाखाली लपवले तेव्हा आराखडेवाला शेजारच्याला कुजबुजला, "बघितलंस?" त्याला त्या बाईबद्दल सांगायचं होतं. त्यानं सांगितलं. तिनं पाण्याची बाटली उचलली तेही सांगितलं. खोली शांत झाली, फार शांत, नाटकात होते तशी.

मग एकेकानं खोडायला सुरुवात केली. आराखडेवाला म्हणाला, करारात कलम आहे, इमारतीच्या सुरक्षिततेची सगळी जबाबदारी भागीदाराची. काका म्हणाले, दरवर्षी बाहेरचे तज्ज्ञ तपासणी करून दाखला देतात.

"पाहणीच्या दिवशी दार उघडं असतं, काका. तो स्वतः म्हणाला मला."

"अहो, मग आपण न सांगता माणूस पाठवू की!"

"कधी?"

"काम सुरू झाल्यावर. पहिल्या तिमाहीत."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय, इतकी वर्षं चाललाय तो कारखाना. आपण गेलो म्हणून का लगेच पेटणार आहे?"

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते. सगळे मुद्दे खोडून झाले होते, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, तो कधी उठून येतो म्हणून. तो उठला नाही.

"मी उठणार नाही," तो म्हणाला.

"क्या बात है," कुणीतरी म्हणालं.

"नाही, ऐका. मी खुर्चीतून बोलत नाहीये. मी... मला खरंच भीती वाटते. मनापासून सांगतोय. हे करू नका. निदान ते दार उघडल्याशिवाय करू नका. माणसं मरतील तिथं." त्याचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला अडवता आलं नाही.

काकांनी टाळी वाजवली. मग आराखडेवाल्यानं. मग टेबलाभोवती सगळ्यांनीच, उभं राहून. "आजवरचं सगळ्यात भारी," काका रुमालानं डोळे टिपत म्हणाले, "थोरले साहेब असायला हवे होते हो आज!" तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. सगळे चांगले लोक. वर्षानुवर्षांची ओळख. कुणाच्या मुलीच्या लग्नात तो राबला होता, कुणाच्या आजारपणात हॉस्पिटलात बसला होता. आणि एकाच्याही चेहऱ्यावर त्याचं बोलणं पोचल्याची खूण नव्हती. आता त्याची भीती नुसती त्या दाराची राहिली नव्हती. आपण आतून ओरडतोय आणि बाहेर टाळ्या ऐकू येतायत, ही होती. टाळ्या थांबल्या आणि सगळे वाट बघू लागले, चेहऱ्यावर ते प्रेमळ हसू तसंच. किती वेळ बसणार माणूस, सगळे उभे असताना? तो उठला. टेबलाला वळसा घालून आला. हात वर केला. हात वर करताना त्यानं मॅडमकडे पाहिलं; टाळ्या वाजवताना त्या हसल्या नव्हत्या, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

सगळे शेजारच्या खोलीत गेले. पाठीवर थापा पडल्या, कुणी हात दाबला. तो पाण्याचा ग्लास शोधत मागे राहिला, तर मॅडमही मागे राहिलेल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे दाबले. वडिलांसारखाच रुंद चेहरा, पण आज अगदी लहान मुलीसारखा दिसत होता.

"नन्नासाहेब," त्या हळू म्हणाल्या, "बाबांचा हा खेळ मला कधी नीट कळला नाही. तुम्ही मघाशी बोललात त्यातलं किती खुर्चीचं आणि किती तुमचं, मला नाही ओळखता येत. आता तुम्ही खुर्चीत नाही. इथं आपण दोघंच आहोत. मला सरळ सांगा. करू सही?"

हाच तो क्षण. ह्याच्यासाठीच तो सकाळपासून जीव मुठीत धरून बसला होता, त्याला कुणीतरी खरं विचारावं, एवढंच तर मागणं होतं. एक शब्द. दोन अक्षरं. ती त्याच्या जिभेवर आली, दातांपर्यंत आली. आणि तिथं त्याला उघडं पडल्यासारखं वाटलं, भर रस्त्यात अंगावरचे कपडे गळून पडावेत तसं. कारण हे नाही कुणाला तरी लागणार होतं. मॅडम त्या खोलीत जाऊन म्हणणार, नन्नासाहेबांनी थांबवलं. आराखडेवाल्याचा चेहरा पडणार. तो मालक, जिन्यावर सांभाळून म्हणणारा, उठून जाणार आणि स्पर्धकाकडे सही करणार. बाजारपेठ जाणार, आणि उद्या कंपनी गाळात गेली तर लोक बोट दाखवणार ते खुर्चीकडे नाही, ह्याच्याकडे. आणि मॅडम विचारणार, इतके आठवडे का नाही बोललात? जिन्यात विचारलं, लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा हसलात कशाला? त्या बाईचे डोळे त्याला दिसत होते, फडक्याच्या वर, मोकळे. ते लांब होते. मॅडमचे डोळे हातभर अंतरावर होते, थकलेले, वाट बघणारे, आणि समोर वाट बघणाऱ्या माणसाला काय हवंय ते देऊन टाकायची त्याची जन्माची सवय. त्यानं मनाशी म्हटलं, आपण स्वतः जाऊ तिकडे. पुढच्याच महिन्यात जाऊ. साखळी आपल्या हातानं काढू. हे म्हणताना त्याला ते पटलं, खरोखर पटलं.

"करा," तो म्हणाला. "त्या दाराचं मी बघून घेईन."

"नक्की?"

"नक्की, मॅडम."

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. "बाई बाई, जीव भांड्यात पडला माझा. खरं सांगू? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही आत्ता नाही म्हणाला असतात ना, तर मी सही करणार नव्हते. ठरवूनच टाकलं होतं. तो मालक विमान सोडून इथं थांबला असता नाहीतर गेला असता स्पर्धकाकडे, काय व्हायचं ते झालं असतं."

त्याला वाटलं, खोली हलली. हातातला ग्लास त्यानं टेबलावर ठेवला, त्यातलं पाणी हिंदकळत राहिलं. मॅडम पाठमोऱ्या झाल्या होत्या, केस सारखे करत दाराकडे निघाल्या होत्या. अजून वेळ होता. अजून त्या या खोलीत होत्या.

"मॅडम," त्यानं हाक मारली. या वेळी आवाज स्पष्ट आला, स्वतःचा आला.

त्या दाराशी थांबल्या, वळल्या. "काय?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. ओठ उघडले. मग त्याची नजर टेबलावर गेली, आणि त्यानं हात पुढे केला.

"तुमचा चष्मा राहिला."

"अगंबाई, हो की," त्या हसल्या, परत येऊन त्यांनी चष्मा त्याच्या हातातून घेतला. "सही कुठं करायची तेच दिसलं नसतं."

त्या गेल्या. तो तिथंच उभा राहिला, रिकाम्या खुर्च्यांच्या मधे, एक हात टेबलावर. पलीकडे कुणीतरी काहीतरी वाचून दाखवत होतं, मग शांतता झाली, कागद उलटल्याचा आवाज आला. मग टाळ्या वाजल्या. मघाशी त्याच्यासाठी वाजल्या होत्या त्याहून जरा कमीच.